कुणी न मागितलेली पेनल्टी

डिसेंबरातल्या त्या रविवारी कोल्कापाताच्या मैदानावर मुख्य पंच म्हणून बासिलियो आरुकिपा उभा राहील, असं सकाळी दहापर्यंत कुणाच्या मनातही नव्हतं. त्याच्या स्वतःच्या तर नाहीच. तो चौथा पंच. चौथ्या पंचाने बाजूच्या रेषेवर उभं राहायचं, बदली खेळाडूच्या आकड्याची पाटी वर धरायची आणि दोन्ही प्रशिक्षकांच्या शिव्या एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायच्या. आठवड्याचे सहा दिवस तो चौकातल्या आपल्या दुकानात लोकांचे केस कापी आणि सातव्या दिवशी काळे कपडे घाली. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

पण ला पास शहराकडून येणारा रस्ता शुक्रवारपासून बंद होता. ट्रकवाल्यांनी दगड आणि टायर टाकून तो अडवला होता, आणि मुख्य पंच व टीव्हीवाल्यांची गाडी दोन्ही तिकडेच अडकून पडली होती. रेषेवरचे दोघे पंच आदल्या दिवशी ओरुरोच्या बाजूने येऊन पोचले होते. प्रतिस्पर्धी पालमारचा संघ तर उंचीची सवय व्हावी म्हणून गुरुवारपासूनच गावात होता. सामना पुढे ढकलायचा म्हणजे त्या सखल मुलखातल्या माणसांनी परत तेरा हजार फूट चढून यायचं.

"मला नाही जमणार," मैदानावरच्या कचेरीत पालमारचा प्रतिनिधी म्हणाला. जाडजूड माणूस, गालात कोकाच्या पानांचा तोबरा, तरी धाप लागलेलीच. "इथे जिना चढलो तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात. हा न्हावी तर न्हावी, पण आजच उरकून टाका. तुमच्या गावचा आहे ना हा?"

"गावचा आहे, पण सरळ आहे," इलारियोन विल्का म्हणाला. तो गावच्या मिनेरोस क्लबचा अध्यक्ष, लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक. "इतका सरळ की गेल्या महिन्यात माझं टक्कल पाहून म्हणाला, साहेब, तुमच्याकडून अर्ध्याच कामाचे पैसे घेतो."

सगळे हसले. दोघांनी कागदावर सह्या केल्या.

बासिलियो बाहेर आला तेव्हा स्टँड भरत आले होते. गावची अर्धी खाण केव्हाच बंद पडली होती. दर सोमवारी देशभरच्या वर्तमानपत्रांत कोल्कापाताचं नाव छापून यायचं ते एवढ्याचसाठी, की मिनेरोस पहिल्या लीगमध्ये खेळत होता. हा मोसमाचा शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी संघ लीगमध्ये टिकणार होता. हरला तर खाली जाणार होता, जिथले निकाल कुणी छापत नाही.

"मास्तर!" वरून कुणीतरी ओरडलं. "आज नीट शिट्टी मारा, नाहीतर उद्यापासून दाढी घरीच!"

"घरी केलीस तर कान कापून घेशील!" बासिलियो उलटून ओरडला, आणि पुन्हा हशा पिकला.

सामना त्याने चांगला चालवला. सत्त्याऐंशीव्या मिनिटापर्यंत एक-एक असा बरोबरीत होता आणि कुणाचीच त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. मग पालमारला डाव्या बाजूने कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला. त्यांचा उंचापुरा पुढचा खेळाडू उडाला आणि त्याच्या मागून मिनेरोसचा कप्तान ग्रोवेर यांकेही उडाला. आठ-दहा डोकी एकत्र झाली. त्या गर्दीत ग्रोवेरचा डावा हात वर गेला आणि नाकासमोरची माशी हाकलावी तसा बोटांनी चेंडूला हलका धक्का देऊन खाली आला. चेंडू गोलच्या वरून बाहेर गेला.

पालमारचे खेळाडू दुसरा कॉर्नर घ्यायला वळलेही. कुणी हात वर केला नाही, कुणी दाद मागितली नाही. बासिलियो बारा पावलांवर उभा होता आणि त्याच्या व त्या हाताच्या मध्ये कुणीही नव्हतं. शिट्टी ओठांत होती. नुसती कॉर्नरकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं. कुणी मागितलीच नाही तर कशाला द्यायची, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण विचार पुरा व्हायच्या आत शिट्टी वाजली होती आणि त्याचा हात पेनल्टीच्या ठिपक्याकडे गेला होता.

क्षणभर पालमारवाल्यांनाही कळेना की हे आपल्याला मिळालं की कसं.

ग्रोवेर धावत आला. या पोराचं जावळ बासिलियोने काढलं होतं. त्या मुलखात पहिले केस कापायचा मान धर्मबापाचा असतो, आणि ग्रोवेरच्या बापाने, तेओफिलोने, तो मान आपल्या सर्वांत जवळच्या मित्राला दिला होता. तेव्हापासून दोघे मित्र एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत आणि पोर बासिलियोला 'पाद्रिनो'.

"पाद्रिनो, छातीला लागला!" ग्रोवेर ओरडला. "आईशप्पथ, छातीला!"

"मागे हो, ग्रोवेर."

"पाद्रिनो!"

"मागे हो म्हटलं ना."

रेषेवरचा पंच म्हणाला, माझ्या डोळ्यांवर ऊन होतं. पेनल्टी झाली, गोल झाला. दोन-एक. उरलेली मिनिटं बासिलियोने सेकंदासकट खेळवली आणि शेवटची शिट्टी मारली.

चार तास त्याला पंचांच्या खोलीत कोंडून राहावं लागलं. दारावर दगड पडत होते, ते थांबल्यावर बाहेरून बायकांच्या रडण्याचा आवाज येऊ लागला. दगडांचं त्याला काही वाटलं नाही, पण तो आवाज ऐकवेना. पोलिसांनी त्याला जीपमधून घरी सोडलं.

सोमवारी त्याने नेहमीप्रमाणे आठला दुकान उघडलं. खुर्ची पुसली, टॉवेल घडी करून ठेवले, वस्तरा चामड्यावर घासला. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मंगळवारीही नाही. काच फोडायला कुणी येईल अशी त्याने तयारी ठेवली होती, तोंडावर शिव्या देतील म्हणून मनाशी उत्तरंही जुळवली होती. तसं काहीच झालं नाही. पाव विकणाऱ्या सेनोबियाबाई रोज त्याला पाहिलं की बहिणीची, भाच्याची, गुडघ्याची सगळी रामकहाणी सांगत. आता त्यांनी पाव पिशवीत टाकून पिशवी फळीवर सरकवली आणि मागच्या बाईला विचारलं, "हं, तुला किती?" गावाने त्याला वाळीत टाकलं होतं, आणि तेही बैठक न बोलावता, ठराव न करता.

आठवड्याभरात कुजबुज त्याच्या कानावर आली. त्याची लेक दोमितिला लग्न होऊन सान्ता क्रूसला राहत होती, पालमारच्याच भागात. झालं! लोकांना तेवढं पुरलं. जावयाला नोकरी कुणी लावली, लेकीच्या घरावर पत्रे कुठून आले, सगळ्याचा उलगडा होऊ लागला. बायको सहा वर्षांपूर्वी वारली होती, त्यामुळे घरी येऊन हे ज्याला बोलून दाखवावं असंही कुणी नव्हतं.

रेडिओवर ग्रोवेरची मुलाखत झाली. "चेंडू छातीला लागला होता," तो म्हणाला. "माझ्या पाद्रिनोंना काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही." हे ऐकून गाव आणखीच हळहळलं. पोर किती गुणी बघा! महिनाभरात कोचाबाम्बाच्या एका क्लबने त्याला घेतलं आणि तो पहिल्या लीगमध्येच राहिला. खाली गेलं ते गाव.

या सगळ्यात बासिलियो एकाच माणसाची वाट पाहत होता, तेओफिलोची. खाणीत दोघांनी तरुणपणी चार वर्षं एका बोगद्यात काम केलं होतं. दर गुरुवारी तेओफिलो दाढीला यायचा, पैसे द्यायचा नाही, उलट मक्याच्या अपीचा गरम पेला मागवायला लावायचा. तो गुरुवारी आला नाही. पुढच्या गुरुवारी तो चौकात समोरून येताना दिसला. बासिलियो दारातच उभा होता. तेओफिलोने मान खाली घातली, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या फुटपाथने निघून गेला. बासिलियो आत येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि बराच वेळ आरशात पाहत राहिला.

दुकान चालू राहिलं ते गावाजवळच्या लष्करी बराकीतल्या शिपायांवर. ते दूरदूरच्या गावांचे, त्यांना या भांडणाशी कर्तव्य नव्हतं. आणि यायचे ते कासिमिरोआजोबा, दोन्ही डोळ्यांनी आंधळे.

"मास्तर, गाव म्हणतं तुझ्याकडे जाऊ नये," ते सामन्यानंतर पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले.

"मग आलात कसे?"

"मी ना पेनल्टी पाहिली, ना तुझं तोंड पाहतोय. मी कशाला रागवू? मिशी तेवढी सारखी ठेव. गेल्या खेपेला उजवी बाजू छोटी झाली होती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सूप डावीकडेच गोळा होतं ना रे!"

बासिलियो हसला, आणि हसल्यावर त्याच्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत आपला हसण्याचा आवाज आपणच ऐकलेला नाही.

लेक फोनवर दर रविवारी सांगायची, "बाबा, या इकडे. इथेही माणसांना केस उगवतात."

"आत्ता आलो तर लोक म्हणतील, बघा, पळाला. पैसे खाल्ले होते म्हणूनच पळाला."

"म्हणू देत की!"

"नाही, पोरी. म्हणू द्यायचं नाही."

फुटबॉल संघटनेचं पत्र आलं: आपल्या सुरक्षिततेचा विचार करता पुढील मोसमात आपणांस कोणताही सामना देण्यात येणार नाही. त्याने पत्र घडी करून कंगव्यांच्या खणात ठेवलं.

सगळ्यात वाईट निराळंच होतं. फेब्रुवारीत, पाऊस धरून राहिलेला असताना, एका दुपारी त्याला पहिल्यांदा शंका आली. हात होता ना? होता. डावा. पण डावाच का? बोटं दिसली होती की नुसती बाही? एखादी गोष्ट मनात शंभरदा पाहिली की ती झिजते, सारखा हात फिरवल्यावर नाण्यावरचं तोंड झिजतं तशी. मार्चमध्ये त्याला निदान हात तरी दिसे. मेमध्ये कधीकधी छाती दिसू लागली. विचारणार कुणाला? त्या दिवशी टीव्हीची गाडी आली नव्हती, कुठे चित्र नव्हतं. सगळं गाव एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. आणि आता त्या बाजूलाही हा धड पुरता उरला नव्हता. साडेतीन हजार माणसांचं घर आपण नुसत्या भासापायी मोडलं असेल तर? तो जेवताना थांबे. शिपायाच्या मानेवर कात्री धरून थांबे. "झालं का, मास्तर?" शिपाई विचारी.

असं दीड वर्ष गेलं.

दुसऱ्या वर्षीच्या जून महिन्यात तेओफिलोच्या बायकोने निरोप धाडला. खाणीची धूळ त्याच्या छातीत वीस वर्षं बसली होती, ती आता बाहेर पडेना आणि श्वास आत जाईना. 'कोंपाद्रेने येऊन दाढी करावी,' एवढाच निरोप होता.

बासिलियोने पेटी भरली आणि गेला. तेओफिलो तीन उशांना टेकून बसवलेला होता. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली. बायको गरम पाण्याची वाटी ठेवून बाहेर गेली. बासिलियोने फेस केला आणि लावायला लागला. वर्षानुवर्षं हाताखालून गेलेलं तोंड, पण आता हाडं वेगळीच लागत होती.

एक गाल झाला तेव्हा तेओफिलो म्हणाला, "कोंपाद्रे, एक विचारू?"

"बोलू नकोस. वस्तरा आहे."

"हाताला लागला होता की छातीला?"

बासिलियोने वस्तरा उचलला. समोरचा माणूस मरायला टेकलेला. त्याचा एकुलता एक मुलगा. 'छातीला लागला रे, माझंच चुकलं,' एवढं म्हटलं तर हा सुखाने डोळे मिटेल असं त्याला वाटलं. आणि तसंही, खरं काय ते आता त्याला स्वतःलाही कुठे माहीत होतं? पण तोंड उघडलं तेव्हा तो म्हणाला, "हाताला. डाव्या."

तेओफिलोने डोळे मिटले. "डाव्याच," तो म्हणाला. "त्याच रात्री सांगितलं मला त्याने. चाइरो सुपाचा वाडगा पुढे होता. पहिला घोट घेतला आणि रडायला लागला. म्हणाला, बाबा, पाद्रिनोंनी बरोबर पाहिलं."

बासिलियोच्या हातातल्या वस्तऱ्यावरचा फेस सुकत चालला. पहिल्यांदा त्याला जे वाटलं तो निव्वळ आनंद होता. हात होता! आपल्या डोळ्यांनी दगा दिला नव्हता! दीड वर्षाने छातीत भरून श्वास गेला. आणि तो श्वास बाहेर पडता पडता दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. "रस्ता ओलांडलास तेव्हा."

"ठाऊक होतं म्हणून तर ओलांडला. ठाऊक नसतं तर येऊन भांडलो असतो तुझ्याशी." तेओफिलोला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत बासिलियोने त्याची पाठ धरली. "कोचाबाम्बावाले बोलणी करत होते. खोटारडा म्हणून नाव झालं असतं तर कोण घेणार होतं त्याला? पुन्हा खाणीतच गेला असता. माझी छाती बघतोयस ना तू."

बासिलियोने वस्तऱ्यावरचा सुकलेला फेस फडक्याला पुसला.

"शिव्या दे ना, कोंपाद्रे."

"दुसरा गाल इकडे कर," बासिलियो म्हणाला. त्याने दाढी पुरी केली, मिशा सारख्या केल्या, मानेवरची लव काढली, गरम फडक्याने तोंड पुसलं. निघताना तेओफिलोने त्याचं मनगट धरलं. "तो खेळतोय तोवर..."

"कुणाला सांगणार नाही," बासिलियो म्हणाला. "सांगितलं तरी कोण ऐकतंय?"

चौथ्या दिवशी तेओफिलो गेला. प्रेताला सगळं गाव आलं. बासिलियो शेवटच्या रांगेत चालला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी राहिली. दफन झाल्यावर ग्रोवेर त्याला कबरस्तानाच्या भिंतीपाशी गाठायला आला. चांगला कोट, चांगले बूट, डोळे सुजलेले.

"पाद्रिनो, बाबांनी तुम्हाला..."

"सांगितलं."

"मी सांगतो रेडिओवर. या शनिवारी. खरंच सांगतो. आता बाबा नाहीत, मला कशाची भीती?"

"तुला जसं वाटेल तसं कर."

"शनिवारी ऐका तुम्ही."

शनिवारी बासिलियोने दुपारी दुकान बंद केलं आणि रेडिओ लावला. ग्रोवेर बोलला. वडिलांबद्दल फार सुंदर बोलला, कोचाबाम्बाच्या मैदानाबद्दल बोलला, गुडघ्याच्या दुखापतीबद्दल बोलला. पुढच्या शनिवारीही बासिलियोने रेडिओ लावला, त्याच्या पुढच्याही. मग लावायचं सोडून दिलं.

त्याच वर्षाअखेरीस, गावाला स्वप्नातही वाटलं नव्हतं असं घडलं आणि मिनेरोस पुन्हा पहिल्या लीगमध्ये चढला. तीन दिवस बँड वाजत होता. आणि चौथ्या दिवशी सकाळी इलारियोन विल्का दुकानात शिरला, खुर्चीत बसला आणि आरशातून बासिलियोकडे पाहून म्हणाला, "काय मास्तर, अर्ध्या कामाचे किती घेणार?"

त्याच्या मागोमाग माणसं यायला लागली. दुपारपर्यंत बाकावर बसायला जागा उरली नाही. सगळे मोठ्या मनाने आले होते.

"झालं गेलं, मास्तर. माणूसच आहे, चुकायचाच."

"त्या उन्हात कुणालाही तसंच दिसलं असतं."

"आणि खाल्ले असतील तर असतील! लेकीसाठी बाप काय करत नाही? आम्ही काही मनात ठेवलेलं नाही."

सेनोबियाबाई स्वतः पाव घेऊन आल्या. "घ्या, आजचा माझ्याकडून. गुडघ्याचं ऑपरेशन झालं माझ्या, कुणी सांगितलं की नाही तुम्हाला?"

बासिलियो केस कापत होता. हो ला हो म्हणत होता. 'माझं चुकलं नव्हतं' हे वाक्य त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं, पण ते तिथून हलायचं तर त्याच्यासोबत एका मेलेल्या माणसाला दिलेला शब्द हलत होता. आणि सगळ्यांचे चेहरे किती खुशीत होते! माफ केल्याचा आनंद गावभर पसरला होता. आठवडाभर तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांत होता, आणि रात्री दुकान लावून घरी आला की त्या रिकाम्या दोन वर्षांतही वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटे. तेव्हा निदान गावाशी त्याचं भांडण तरी होतं. आता तेही उरलं नव्हतं.

रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "तुझ्याकडे खोली मोकळी आहे का गं?"

लेकीने आधी 'आहे की' म्हटलं. मग म्हणाली, "बाबा, बरं आहे ना? आता तर लोक यायला लागलेत म्हणालात."

"लागलेत. म्हणूनच. आता गेलो तर पळाला म्हणणार नाहीत."

खुर्ची त्याने ओरुरोच्या एका न्हाव्याला देऊन टाकली. कासिमिरोआजोबांची मिशी शेवटची कापली तेव्हा ते म्हणाले, "जा बाबा. तिकडे हवा जड असते म्हणतात, माणसाला धाप लागत नाही." फेब्रुवारीतल्या ज्या रविवारी मिनेरोसचा पहिल्या लीगमधला पहिला सामना होता, त्या दुपारी त्याने बस धरली. रस्ते ओस पडले होते. निरोप द्यायला कुणी यावं अशी त्याची इच्छाही नव्हती. बसमध्ये मागे दोन बायका झोपल्या होत्या. तो ड्रायव्हरच्या शेजारी बसला. ड्रायव्हरने सामना लावला होता, आवाज डोंगराच्या वळणांवर येत-जात होता.

"तुम्ही कोणाकडून, साहेब?" ड्रायव्हरने विचारलं.

"मी पंच होतो."

"अरे बापरे! मग जन्मभर शिव्या खाल्ल्या असतील."

"शिव्या कमीच," बासिलियो म्हणाला.

ड्रायव्हरला आणखी विचारायचं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी गोल केला आणि त्याने हात लांब करून आवाज वाढवला. नेमका तेव्हाच डोंगर आडवा आला. खरखर सुरू झाली. ड्रायव्हर काटा इकडेतिकडे फिरवत राहिला, मग त्याने कंटाळून रेडिओ बंद केला. बस घाट उतरू लागली. बासिलियोने कोटाची वरची दोन बटणं सोडली. खालून गरम वारा यायला लागला होता.